हजार वॉटचा स्टिकर

गिटारवाल्याकडं ॲम्पचा आवाज आतल्या आत तयार करणारा डिजिटल मॉडेलर आला की जुना ॲम्प आधी विकला जातो आणि स्पीकर कॅबिनेट सगळ्यात शेवटी, उरल्यासुरल्या पैशांत घेतलं जातं. धाराशिव, कळंब, तुळजापूर, उमरगा, कुठलीही ऑर्केस्ट्रात वाजवणारी पोरं विचारायला आली की हीच गत. झूम, मूअर, व्हॅलेटन नाहीतर बॉसचं मशीन घेऊन झालेलं असतं, घरी हेडफोनवर ते झकास वाजतंही, आणि पहिल्याच सुपारीला स्टेजवर आवाजाचा पार चिखल होतो. मग मशीन विकायची भाषा सुरू होते. बहुतेक वेळा मशीनचा काही दोष नसतो.

माझ्याकडं आलेलं पहिलं कॅबिनेट पंधरा इंची होतं. जाळीमागं रंगीत दिवे, मागं ब्लूटूथ, पेन ड्राइव्हची खाच, सोबत एक कॉर्डलेस माइक फुकट आणि बाजूला ठसठशीत स्टिकर: १००० वॉट. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेच्या दिवसांत जवळच एका गावात आमचा कार्यक्रम होता. ऑक्टोपॅड, ढोलकी आणि दोन कीबोर्ड एकदम सुरू झाले आणि गिटार गायब. व्हॉल्यूम वाढवावा तर साधे क्लीन कॉर्डसुद्धा फाटायला लागले. डिस्टॉर्शनचा लीड तर पत्र्यावर वाळू घासल्यासारखा. मध्यंतरानंतर कॅबिनेटातल्या ॲम्पनं मानच टाकली. उरलेला कार्यक्रम गिटार थेट मिक्सरला लावून, स्वतःचं स्वतःला काही ऐकू येत नसताना, कीबोर्डवाल्याच्या बोटांकडं बघत काढला.

कॅबिनेट दुरुस्तीला नेलं तेव्हा उलगडा झाला. मिस्त्रीनं मागची प्लेट उघडली, हीटसिंकवरची धूळ फुंकली आणि बोट ठेवलं. "सर, ही बघा, बावन्नशे-एकोणीसशे त्रेचाळीसची एकच जोडी. ह्यातून हजार वॉट कुठून यायचे?"

ॲम्प दुरुस्त करणाऱ्या कुणालाही हे दोन आकडे पाठ असतात. तोशिबाचे २एससी५२०० आणि २एसए१९४३ हे दोन ट्रान्झिस्टर आपल्याकडच्या लोकल ॲम्पमध्ये सर्रास सापडतात, आणि तोशिबाच्याच कागदावर ते १०० वॉटच्या ॲम्पसाठी सुचवलेले आहेत. म्हणजे स्टिकरवरच्या आकड्यातलं एक शून्य सरळ पुसायचं. पुढं मिस्त्रीनं ट्वीटर काढून दाखवला. पिझोचा, हातात घेतला तर वजनच नाही, आणि क्रॉसओव्हरच्या नावाखाली एकुलता एक कपॅसिटर. सिनेमाची गाणी वाजवायला हे खपून जातं. डिस्टॉर्शन लावलेल्या गिटारमध्ये वरच्या पट्ट्यात आधीच खरखर ठासून भरलेली असते, आणि असा ट्वीटर नेमकी तीच पुढं रेटतो.

आता वॉटचा हिशोब. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, आणि कानाला दुप्पट मोठा वाटायचा तर वॉट साधारण दहापट लागतात. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघावी. एका वॉटला एका मीटरवर ९७ डेसिबल देणारा स्पीकर १०० वॉटला ११७ देतो. त्याच जागी १०० डेसिबलचा स्पीकर असेल तर ५० वॉटमध्येच तेवढं काम होतं. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल गळतात, हेही धरून चालायचं. नावाजलेल्या कंपन्याही मोठा आकडाच पुढं करतात, फक्त खरा आकडा कागदावर कुठंतरी छापलेला असतो. यामाहाच्या डीबीआर १० वर ७०० वॉट दिसतात ते पीक, म्हणजे क्षणभराचे, सलग देण्याची ताकद ३२५ वॉट. हेडरशच्या गिटार कॅबिनेटवरचे २००० वॉटही पीकच. म्हणून दुकानात "किती वॉट?" विचारू नका. "कंटिन्युअस किती आणि कमाल एसपीएल किती?" असं विचारा; एसपीएल म्हणजे आवाजाची पातळी. कागदावर पीएमपीओ हा फुगवलेल्या पीक वॉटचा शब्द दिसला तर तिथून निघा.

पण मुळात मॉडेलरला वेगळ्या जातीचं कॅबिनेट लागतंच कशाला? जुन्या गिटार ॲम्पमधला बारा इंची स्पीकर हा स्वतःच एक फिल्टर असतो. त्याला ट्वीटर नसतो आणि ५००० हर्ट्झच्या वर त्याचा आवाज झपाट्यानं उतरतो. सेलेशनचा ग्रीनबॅक किंवा व्हिंटेज ३० यांची ख्याती त्या उतरण्याच्या ढंगातच आहे. मॉडेलर हे सगळं, म्हणजे ॲम्प, कॅबिनेट आणि त्यापुढं धरलेला माइक, आतल्या आत गणितानं करतो. १९९८ साली लाइन ६ चा लाल पॉड आला, २०११ मध्ये केम्पर, २०१५ मध्ये हेलिक्स, आणि आता तेच काम करणारी मशीनं आपल्या पोरांच्या खिशाला परवडू लागली आहेत. असा तयार आवाज पुन्हा गिटार ॲम्पच्या पुढच्या इनपुटमध्ये घातला की कॅबिनेटवर कॅबिनेट चढतं आणि सगळं घोंगडीखाली दबतं. त्यामुळं आतून येईल ते जसंच्या तसं बाहेर काढणारं, वूफर आणि ट्वीटर दोन्ही असलेलं फुल रेंज कॅबिनेट हवं.

गिटारसाठी म्हणून बनवलेली अशी कॅबिनेटं मिळतात. हेडरश आहे, लेनीची एलएफआर आहे, लाइन ६ चं पॉवरकॅब २०१८ पासून आहे, फेंडरनं २०२३ मध्ये एफआर १० आणि एफआर १२ आणली. दिसायला देखणी आहेत, वाजतातही छान. तरी धाराशिवात बसून मी त्यांच्या वाटेला जायला सांगणार नाही. बिघाड झाला तर ते खोकं कुठं पाठवायचं आणि ते परत कधी यायचं? उद्या विकायचं झालं तर घेणार कोण? हेडरश आणि आल्टो एकाच उद्योगसमूहाचे आहेत, आणि आल्टो, यामाहा, बेहरिंजर, जेबीएल यांची साधी पीए कॅबिनेटं गायकाला, कीबोर्डला, भजनाला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला, कशालाही चालतात. सोलापूर-लातूरचे साउंडवाले जी कंपनी वापरतात ती घ्यावी, हा माझा सरळ सल्ला. त्यांचा मिस्त्री तोच आपला मिस्त्री. जुनं घ्यायचं असेल तर तेही त्यांच्याकडूनच मिळतं, आणि यात्रा-जयंत्यांचा हंगाम उलटला की भावही जरा नरम होतो.

आकाराबद्दल मात्र मी हट्टी आहे. पंधरा इंची नको. दुकानदार "बेस बघा, बेस!" म्हणून छातीवर धक्का बसवून दाखवतो, पण गिटारची सगळ्यात खालची तार ८२ हर्ट्झची. त्याखालचा बेस ऑक्टोपॅडवाल्याचा आणि कीबोर्डवाल्याचा. गिटार गर्दीतून वर निघते ती साधारण ५०० ते ३००० हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि स्वस्त पंधरा इंची दोन-मार्गी कॅबिनेटमध्ये नेमकी तिथंच ओढाताण असते. मोठा कोन वरचे सूर सरळ रेषेत फेकतो, बाजूला उभ्या असलेल्याला ते ऐकूच येत नाहीत. दहा किंवा बारा इंची कॅबिनेट, एक इंची किंवा त्याहून मोठा कॉम्प्रेशन ड्रायव्हर, एवढं पुरे. घरच्या रियाजाला आणि छोट्या भजनाला आठ इंचीही चालेल, ऑर्केस्ट्राला नाही. डीबीआर १० चं वजन साडेदहा किलो आहे. रात्री दीड वाजता टेम्पोत सामान चढवताना या आकड्याची किंमत कळते.

कॅबिनेटनं सगळं मैदान भरायचं नसतं, हेही पोरांना पटवावं लागतं. ते आपल्यासाठी आणि शेजारच्या वादकासाठी. प्रेक्षकांसाठी साउंडवाल्याचे टॉप स्पीकर आहेत. मॉडेलरचं आउटपुट मोनो करायचं, एक तार कॅबिनेटला, दुसरी मिक्सरला. एकच आउटपुट असेल तर कॅबिनेटच्या मागच्या लिंक किंवा थ्रूमधून मिक्सरला जायचं. मिक्सरवरचं ४८ व्होल्टचं फँटम आपल्या चॅनलला बंद आहे ना, हे विचारून घ्यायचं.

विजेबद्दल शहरातली माणसं लिहीत नाहीत, आपल्याला लिहावं लागतं. लोहारा-भूम-परंड्याकडच्या गावांत संध्याकाळी मोटारी आणि मंडपाचे दिवे एकदम लागले की व्होल्टेज खाली बसतं. साध्या ट्रान्सफॉर्मरचा ॲम्प तेव्हा लवकर फाटतो. मागच्या पाटीवर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं, म्हणजे एसएमपीएसचं कॅबिनेट असेल तर ते बऱ्यापैकी तग धरतं. खरी भीती न्यूट्रलची. थ्री फेजच्या जोडणीत न्यूट्रल ढिला झाला तर २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात आणि कॅबिनेट, मॉडेलर, कीबोर्ड सगळं एका क्षणात जातं. पिशवीत मल्टिमीटर ठेवा आणि प्लग लावण्याआधी बोर्ड मोजा. जनरेटर असेल तर तो स्थिर होऊ द्या, मग कॅबिनेट चालू करा. बंद करताना आधी कॅबिनेट.

दुसरी गोष्ट जिवावरची आहे. हात तारांवर आणि ओठ माइकला लागले की झटका बसतो, हे आपल्याकडं हसण्यावारी नेलं जातं. अर्थिंग नसणं आणि मिक्सर एका फेजवर, स्टेज दुसऱ्या फेजवर असणं, ही त्याची नेहमीची कारणं. माइकची जाळी आणि गिटारची तार यांच्यात एसी व्होल्टेज मोजा. चार-दोन व्होल्टच्या वर काटा गेला तर गाऊ नका, साउंडवाल्याला बोलवा. मॉडेलर, कॅबिनेट आणि मिक्सर एकाच अर्थवाल्या बोर्डवरून घ्या. हम येतो म्हणून प्लगची अर्थची पिन काढणारे महाभाग मी बघितलेत. हम घालवायला ग्राउंड लिफ्टचं बटण असतं किंवा बॅलन्स्ड केबल असते. अर्थ काढणं हा उपाय नव्हे.

घरी तासन् तास बसून केलेला पॅच, म्हणजे मॉडेलरमधलं आवाजाचं सेटिंग, स्टेजवर वेगळा का वाजतो, यात गूढ काही नाही. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलं की हळू आवाजात माणसाच्या कानाला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतात. म्हणून घरी आपण ते वाढवतो आणि मोठ्या आवाजात तेच अंगावर येतं. पॅच उभं राहून, स्टेजच्या आवाजात, त्याच कॅबिनेटवर लावावा. शेजारी वैतागतील, म्हणून दुपारी मंगल कार्यालय रिकामं असतं तेव्हा विनंती करून जावं. ९० हर्ट्झच्या खाली लो कट, ६००० च्या आसपास हाय कट, मॉडेलरचं आउटपुट 'लाइन' किंवा 'डायरेक्ट'वर, कॅब सिम्युलेशन चालू, कॅबिनेटचं बटण माइकवर नको, लाइनवर हवं. कॉन्टूर, बूस्ट, बेस वाढवणारी बटणं असतील ती बंद. कॅबिनेट जमिनीवर कोपऱ्यात ठेवलं की बेस फुगतो, स्टँडवर कानाच्या उंचीला आणलं की गिटार मोकळी होते. 'झिंगाट'ची फर्माईश आली तरी मास्टर व्हॉल्यूमला हात लावू नका, मधला पट्टा थोडा वाढवा; गिटार लगेच पुढं येते.

आणि पैशांचं. मॉडेलरला जेवढे घातले त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत कॅबिनेट बसवायचा हट्ट सोडा. बजेट तुटपुंजं असेल तर साधा मॉडेलर आणि बरं कॅबिनेट घ्या. ऑनलाइन स्वस्त दिसलं तरी ऐकल्याशिवाय घेऊ नका. सोलापूर किंवा पुण्याच्या दुकानात जाताना आपली गिटार, आपला मॉडेलर आणि आपली केबल बरोबर न्या. दुकानदाराला आवाज तीन चतुर्थांशापर्यंत नेऊ द्यायला सांगा आणि डिस्टॉर्शनचा पॅच लावून पाच मिनिटं वाजवा. फाटला, शिट्टी मारली किंवा मागून गरम वास आला तर नमस्कार करून निघा. ऐकूच देत नसेल तर दुसरं दुकान बघा. घेतलंच तर पक्कं बिल घ्या, कॅबिनेटचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या आणि वॉरंटीची दुरुस्ती कुठल्या गावात होते ते पैसे देण्याआधी विचारा.