सामाईक नोंदवही कोण लिहिणार?

बँकेतील अधिकाऱ्याची बदली होते तेव्हा निरोपसमारंभात पुष्पगुच्छ दिला जातो, कार्यभार सुपूर्द केल्याच्या कागदावर स्वाक्षऱ्या होतात, किल्ल्या मोजून दिल्या जातात. जे मोजता येत नाही ते मात्र त्या अधिकाऱ्याबरोबर निघून जाते. वारसाच्या दाव्यात कोणता कागद हमखास राहून जातो, निवृत्तिवेतनधारकाला दुसरी खेप पडू नये म्हणून पहिल्याच भेटीत काय विचारावे, एखादा संदेश संगणकाच्या पडद्यावर आला तर प्रथम काय तपासावे, हे ज्ञान कोणत्याही परिपत्रकात सापडत नाही. नवा अधिकारी ते पुन्हा मुळापासून शिकतो आणि तोपर्यंत काउंटरपलीकडचा ग्राहक खेपा घालीत राहतो. दहा शाखांच्या संस्थेत ही उणीव दूरध्वनीवर भरून निघते. हजारो शाखांच्या संस्थेत ती तशी भरून निघत नाही.

सहकार्याची सॉफ्टवेअर साधने जन्माला आली ती ह्याच उणिवेतून. एकच मसुदा अनेकांनी पाहावा व सुधारावा, प्रश्नोत्तरे सर्वांसमक्ष व्हावीत, आणि झालेली चर्चा पुढे केव्हाही शोधून काढता यावी, एवढाच त्यांचा गाभा. ह्या कुळातील पहिले मोठे नाव म्हणजे लोटस नोट्स. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ नावाच्या शैक्षणिक संगणक-व्यवस्थेवर १९७३ साली टिपणांची एक सोय निर्माण झाली होती. विद्यार्थिदशेत ती पाहिलेल्या रे ओझी यांनी १९८४ मध्ये आयरिस असोसिएट्स ही कंपनी स्थापन केली आणि १९८९ मध्ये नोट्स बाजारात आले. १९९५ मध्ये लोटस कंपनी आयबीएमकडे गेली आणि २०१९ मध्ये हे उत्पादन एचसीएल ह्या भारतीय कंपनीने विकत घेतले. दरम्यान स्लॅक, मायक्रोसॉफ्ट टीम्स अशी नवी साधने आली. २०२० च्या टाळेबंदीत तर पूर्वी ज्यांनी कधी संगणकावर सभा घेतली नव्हती त्यांनाही ती घ्यावी लागली. साधनांची वाण कधीच पडली नाही. अडचण निराळ्याच ठिकाणी होती आणि ती अगदी आरंभीच दिसून आली.

मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी एका बड्या सल्लागार संस्थेत नोट्सचा स्वीकार कसा होतो ह्याचा अभ्यास करून तो १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. संस्थेचे खरे नाव गुप्त ठेवून त्यांनी तिला ‘अल्फा’ म्हटले. अल्फाच्या तंत्रज्ञानप्रमुखांचा नोट्सवर दृढ विश्वास होता, आणि ते झपाट्याने सर्वत्र बसविले गेले. कशासाठी, हे मात्र पुरेसे सांगितले गेले नाही. परिणामी, ज्याला जे ठाऊक होते त्याच्याच चष्म्यातून त्याने ते पाहिले. कोणाला ती टपालाची सोय वाटली, कोणाला फॅक्सचा पर्याय. इतपत गैरसमज प्रशिक्षणाने दूर होण्याजोगा होता. खरी गाठ पुढे होती. अल्फामध्ये प्रत्येक सल्लागाराच्या तासांचा हिशेब होई, आणि जे तास अशिलाच्या नावे लावता येतील तेच मोलाचे. नवे साधन शिकण्यात किंवा सहकाऱ्यांसाठी टिपण लिहिण्यात गेलेला तास कोणाच्या नावे लावावा? शिवाय तेथे बढती मिळवावी, नाहीतर बाहेर पडावे अशी रीत होती. शेजारच्या टेबलावरचा सहकारी हाच प्रतिस्पर्धी असताना आपल्या अनुभवाची शिदोरी त्याच्यापुढे कोण सोडील? ज्यांचे स्थान पक्के होते ते भागीदार तेवढे ज्ञान वाटून घ्यायला तुलनेने राजी होते. सॉफ्टवेअर निर्दोष होते असे नव्हे; परंतु ते निर्दोष असते तरी अल्फातील मुठी उघडल्या नसत्या.

त्याआधी, १९८८ मध्ये, जोनाथन ग्रुडिन यांनी हाच मुद्दा साध्या उदाहरणाने मांडला होता. सभेची वेळ आपोआप ठरविणारे सॉफ्टवेअर घेतले की सोय होते सभा बोलावणाऱ्या वरिष्ठाची. त्यासाठी आपापली दिनदर्शिका रोज भरण्याचे कष्ट मात्र हाताखालच्या सर्वांना. एकाने कष्ट करायचे व लाभ दुसऱ्याने घ्यायचा, अशी वाटणी फार दिवस टिकत नाही. १९९५ मध्ये ग्रुडिन यांनी लेसिया पेलेन यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ह्याची दुसरी बाजू दिसते. सन मायक्रोसिस्टिम्स व मायक्रोसॉफ्ट ह्या कंपन्यांत अशा दिनदर्शिका सर्रास वापरात आल्या होत्या, त्या मुख्यतः आदेशामुळे नव्हे. त्या वापरण्यास सोप्या झाल्या होत्या, आणि बरोबरीचे सगळे भरतात तेव्हा आपण न भरणे अवघडल्यासारखे वाटू लागले होते.

मुठी कशा उघडतात ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण झेरॉक्स कंपनीत सापडते. ज्युलियन ऑर हे मानववंशशास्त्रज्ञ तिच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात होते. १९८० च्या दशकात ते छायाप्रतियंत्रे दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर हिंडले. कंपनीने प्रत्येक बिघाडाचा क्रम लावून जाड पुस्तिका दिल्या होत्या. पण यंत्रे पुस्तिका वाचून बिघडत नसत. अवघड दुखणे तंत्रज्ञ एकमेकांना हकिगती सांगून सोडवीत, तेही बहुधा न्याहारीच्या किंवा कॉफीच्या टेबलावर. वरवर पाहणाऱ्याला तो वेळेचा अपव्यय वाटला असता. ऑर यांना तेच खरे प्रशिक्षण वाटले.

ह्या हकिगती दूरवर पोहोचाव्यात म्हणून ‘युरेका’ ही व्यवस्था उभी राहिली आणि १९९० च्या दशकात तिचा वापर प्रथम फ्रान्समध्ये झाला. तंत्रज्ञाने आपली युक्ती लिहून पाठवायची, जाणत्या सहकाऱ्यांनी ती पारखायची, आणि उतरली तरच ती सर्वांसाठी खुली व्हायची. युक्ती पाठविणाऱ्यास रोख बक्षीस द्यावे काय, असा विचार झाला तेव्हा तंत्रज्ञांनीच तो नको म्हटले. पैसे लावले तर युक्त्यांची संख्या वाढेल, कस घसरेल, ही त्यांची धास्ती. त्यांना हवे होते एवढेच की प्रत्येक युक्तीखाली ती देणाऱ्याचे नाव असावे. पुढे एका मेळाव्यात, ज्याच्या युक्त्यांनी अनेकांना हात दिला होता अशा एका तंत्रज्ञासाठी सहकारी उत्स्फूर्तपणे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. अल्फामध्ये लिहिणाऱ्याचा तास वाया जात होता. येथे लिहिणाऱ्याचे नाव होत होते.

बँकेत ह्या विचाराला एक मर्यादा आहे आणि ती काटेकोरपणे पाळावी लागते. ग्राहकाचे नाव, खाते, शिल्लक, कर्जाची स्थिती ह्यांतले काहीही सामाईक चर्चेत येता कामा नये. दाव्यात कोणता कागद राहून जातो हे लिहावे. कोणाच्या दाव्यात राहिला हे लिहू नये. ही सीमारेषा आखून दिली नाही तर दोनांपैकी एक गोष्ट घडते. भीतीने कोणी काहीच लिहीत नाही, किंवा अधिकृत साधन ओस पडून सारे बोलणे खाजगी मोबाइलवर जाते. दुसऱ्या प्रकाराची किंमत मोठी असते. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकी नियामकांनी जे. पी. मॉर्गन समूहातील कंपन्यांना एकूण २० कोटी डॉलरचा दंड केला. कर्मचारी वैयक्तिक फोनवरील संदेश, व्हॉट्सअ‍ॅप व खाजगी ई-मेल ह्यांवरून व्यवसायाची चर्चा करीत होते आणि तिची कायद्याने आवश्यक असलेली नोंद जतन झालेली नव्हती. नियमपालनावर देखरेख ठेवणारे वरिष्ठही तेच करीत होते, असे नियामकांना आढळले. सप्टेंबर २०२२ मध्ये इतर अनेक मोठ्या वित्तसंस्थांवर अशीच कारवाई झाली.

म्हणून नवे साधन आणताना जुन्या वाटांपैकी कोणती बंद होणार, हेही त्याच दिवशी ठरवावे लागते. एकच माहिती सामाईक फलकावर भरावयाची, ई-मेलने पाठवावयाची आणि महिनाअखेरीस छापील तक्त्यातही द्यावयाची असेल, तर शाखेतील कारकून फलकालाच प्रथम विसरतो, आणि त्याला दोष देता येत नाही. विभागीय कार्यालयाने फलकावरील आकडे ग्राह्य धरून तक्ता मागणे थांबविले, शाखेच्या प्रश्नाला त्याच दिवशी त्याच फलकावर उत्तर दिले आणि उपयोगी टिपणाखाली लिहिणाऱ्याचे नाव राहू दिले, तर बदली होऊन आलेला अधिकारी पहिल्या सोमवारी तेथेच शोध घेईल. त्याला हवे असलेले टिपण कदाचित आदल्या शुक्रवारी किल्ल्या सुपूर्द करून गेलेल्या अधिकाऱ्याचेच असेल.