गाव सुटले, जात सुटली काय?



आपले आजे-पणजे मुंबईला का आले? वर्गात हा प्रश्न विचारला की मुले म्हणतात, "पोटासाठी." उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. गिरण्या, गोदी व रेल्वे यांना हात हवे होते. कोकणातून बोटीने, घाटावरून गाडीने माणसे आली. आपली माणसे मात्र दुष्काळाबरोबर गावकीची वेठही मागे टाकून आली. १८९६ च्या प्लेगनंतर बी.आय.टी. चाळी, तर १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे बी.डी.डी. चाळी उभ्या राहिल्या. गाववाल्याच्या खोलीवर पथारी टाकायची आणि त्याच्याच ओळखीने कामाला लागायचे, ही रीत पडली.

पण जातही त्याच गाडीने आली. गिरणीत विणकाम खात्यात पगार अधिक होता. तेथे कांडी बदलताना धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे. विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य कामगाराला त्या खात्याचे दार बंद होते. माझे पणजोबा सूतकताईतच राबले. साचा त्यांनी दुरूनच पाहिला. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय उघडपणे मांडला.

स्वतः बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीत दोन खोल्यांत अनेक वर्षे राहिले. १९२४ साली परळच्याच दामोदर हॉलमध्ये सभा भरली आणि बहिष्कृत हितकारिणी सभा जन्मास आली. शहराने आपल्याला एकत्र आणले. माणूसपण मात्र संघटनेने व शिक्षणाने मिळवले. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरला बाबासाहेबांना निरोप देताना हजारोंनी धम्मदीक्षा घेतली, त्यांत या चाळींतली माणसे होती.

१९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. माणसांचे येणे थांबले नाही. आज परप्रांतातून आलेला मजूर आपल्याच वस्तीत खोली शोधतो. ज्यांनी बंद दार सोसले, त्यांनी दार लावून घ्यावे काय? मैत्री ही केवळ वंदनेत म्हणावयाची गोष्ट नव्हे.

अभ्यासासाठी प्रश्न : आपल्या घरातील पहिला माणूस कोणत्या साली, कोणत्या गावाहून, कोणाच्या खोलीवर आला? घरातील वडीलधाऱ्यांना आजच विचारा आणि वहीत लिहून ठेवा.

जय भीम!