शेवटी जाणाऱ्याने दिवा मालवावा

अभ्यासिकेची एक खोली डोळ्यांसमोर आणा. दाराशी फळा आहे. आत येणाऱ्याने फळ्यावरचा आकडा एकाने वाढवायचा, बाहेर जाणाऱ्याने एकाने कमी करायचा. आकडा शून्य झाला की दिवा मालवायचा. पायथन या संगणकभाषेत स्मृतीची व्यवस्था मुख्यतः याच नियमाने चालते.

गिडो व्हान रॉसम यांनी पायथन भाषा १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. ती चालवणारी नेहमीची आज्ञावली, सीपायथन, ही सी भाषेत लिहिलेली आहे. तिच्यात संख्या असो वा यादी, प्रत्येक वस्तूबरोबर एक ‘संदर्भांक’ साठवलेला असतो. तो शून्य झाला की वस्तूची जागा मोकळी होते. पायथनमध्ये लिहिताना हा हिशेब आपोआप होतो. पण वेगासाठी एखादा भाग सी भाषेत लिहून जोडला, तर हिशेब लिहिणाऱ्यालाच ठेवावा लागतो.

समजा, अशा भागात आपण ३.५ ही संख्या तयार केली. संदर्भांक १, हा आपला. ती एका यादीच्या शेवटी जोडली. यादीनेही आपली नोंद केली; संदर्भांक २. आपले काम संपले, म्हणून आता आपण एक वजा करायला हवा. तो विसरलो तर? यादी नष्ट झाल्यावरही १ उरतो. खोली रिकामी, दिवा मात्र जळतोच! ६४ बिटांच्या संगणकावर अशी संख्या २४ बाइट जागा घेते. हीच चूक १० लक्ष वेळा झाली, तर २ कोटी ४० लक्ष बाइट अडकून पडतात. हिला ‘स्मृतिगळती’ म्हणतात.

याउलट, एकाऐवजी दोन वजा केले तर? यादी वापरत असतानाच संदर्भांक शून्य होतो. नवी जागा मागण्यात वेळ जातो, म्हणून मोकळी झालेली जागा पायथन पुढच्या दशांश संख्येसाठी पुन्हा वापरतो. मग यादीत ३.५ च्या जागी ९.२५ दिसू शकते! आज्ञावली बंद पडली तर चूक निदान कळते. मुकाट्याने आलेले चुकीचे उत्तर अधिक घातक.

विद्यार्थी मित्रांनो, आता एक प्रश्न. ‘अ’ यादीत ‘ब’ ठेवली आणि ‘ब’ यादीत ‘अ’. बाहेरचे सर्व संदर्भ संपले. दोघींचे संदर्भांक किती? फळ्यावर मांडून पाहा. प्रत्येकी १ उरतो. शून्य कधीच येत नाही. म्हणूनच २००० साली आलेल्या पायथन २.० मध्ये अशी वर्तुळे शोधून जागा मोकळी करणारी वेगळी सोय जोडली गेली.