साथीच्या काळी अन्नाचा धर्म



या पाठासाठी आम्ही जो विषय घेतला आहे तो पोथीतलाही आहे आणि स्वयंपाकघरातलाही आहे. साथ आली, बाजार बंद होणार अशी आवई उठली, म्हणजे अन्नाविषयी वारकऱ्याने कसे वागावे, हा तो विषय. हा पाठ आम्ही अधिकाराने सांगत नाही. या परीक्षेत आम्ही स्वतः एकदा नापास झालो आहोत, म्हणून सांगतो.

ज्या वर्षी संतांच्या पादुका पायी न जाता एस. टी. च्या गाडीने पंढरीस गेल्या, ते २०२० साल सर्वांच्या ध्यानात आहेच. त्या वर्षीच्या २४ मार्चची रात्र. फाल्गुनी अमावास्या होती, दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. रात्री आठ वाजता घोषणा झाली की मध्यरात्रीपासून एकवीस दिवस सारा देश बंद. अत्यावश्यक वस्तू मिळत राहतील, असेही सांगण्यात आले. पण ते ऐकायला थांबतो कोण? आमच्या गावच्या पेठेत अर्ध्या तासात जत्रा भरली. ज्या रोगासाठी माणसाने माणसापासून दूर राहायचे, त्याच रोगाच्या भीतीने माणसे एकमेकांच्या खांद्यावर चढत होती.

त्या गर्दीत आम्हीही होतो. गव्हाचे पन्नास किलोचे पोते, दहा दहा किलोच्या तीन पिठाच्या थैल्या आणि पंचवीस किलो तांदूळ, एवढे सामान मुलाकडून उचलवून आम्ही घरी आणले. आमच्या घरात खाणारी माणसे चार. पंधरवड्याचे धान्य डब्यात होतेच. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, एवढं खायचं कुणी?" आम्ही म्हणालो, "असू द्या, वेळ सांगून येत नाही."

तिसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतील एक बाई दारात आली. चार घरची धुणीभांडी करणारी, पदरी दोन लेकरे. उंबऱ्यापासून लांब उभी राहून म्हणाली, "महाराज, दोन किलो पीठ मिळंल का? पैसं हायेत माझ्याकडं. पीठच नाही दुकानात. परवाच्या रात्री समदं गेलं म्हणत्यात."

तिच्या हातात पैसे होते आणि पेठेत पीठ नव्हते. ते गेले कुठे, हे आम्हाला ठाऊक होते. आमच्या माजघरात होते. चाळीस वर्षे आम्ही दामाजीपंतांचे आख्यान लावले, श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आणले, आणि कोठाराला कुलूप घालण्याची वेळ आली तेव्हा पहिले कुलूप आम्हीच घातले. पीठ तिला दिले, पैसे घेतले नाहीत. पण त्याने मन काही हलके झाले नाही. एकाच वेळी दान करणारे आणि तुटवडा करणारे आम्हीच होतो.

असो. आता विचार करू.

पहिली गोष्ट, दुष्काळ दोन प्रकारचा असतो. एक पावसाचा, दुसरा भीतीचा. शके १५५१-५२ च्या, म्हणजे इ. स. १६२९-३० च्या सुमाराचा दुष्काळ हा पावसाचा. शेतातच दाणा नव्हता. तुकोबारायांचे घर वाणसवद्याचे, पण त्या घरात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. २०२० साली तसे नव्हते. त्या मार्च महिन्याच्या आरंभी सरकारी कोठारांत गहू आणि तांदूळ मिळून साडेपाच कोटी टनांहून अधिक धान्य होते, आणि रब्बीचा गहू काढणीला आला होता. दाणा होता. तो दुकानापर्यंत यायला मात्र वेळ लागत होता. ट्रक नाक्यांवर अडकले होते, हमाल गावी निघाले होते. अशा वेळी आहे तो माल चार दिवस सर्वांना पुरवायचा असतो. तेवढेच आपल्याकडून झाले नाही.

याचे गणित सोपे आहे. समजा, एका दुकानावर शंभर घरे आहेत. प्रत्येक घर आठवड्याला दहा किलो धान्य नेते, म्हणून दुकानदार आठवड्याला दहा क्विंटल आणतो. एके रात्री पंचवीस घरांनी चाळीस चाळीस किलो नेले. दहा क्विंटल संपले. पंचाहत्तर घरे रिकाम्या पिशव्या घेऊन परतली. धान्य एका दाण्याने कमी झालेले नाही आणि तरी गावात तुटवडा आहे. मग रिकामी फळी पाहून उरलेलेही घाबरतात, आणि पुढचा माल आला की तेही चाळीस किलो नेतात. साथ अंगाला अंग लागून पसरते, भीती नजरेला नजर लागून पसरते.

बरे, हा घाव बसतो कोणावर? ज्याची रोजी रोजची, तो रोज संध्याकाळी पावशेर तेल आणि किलोभर पीठ नेतो. आगाऊ घ्यायला त्याच्याजवळ पैसाच नसतो. तो पेठेत पोचतो तेव्हा आपण येऊन गेलेले असतो.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. श्रीमद्भागवताच्या सातव्या स्कंधात, चौदाव्या अध्यायात, नारद युधिष्ठिराला गृहस्थधर्म सांगतात. पोट भरण्याला जेवढे लागते तेवढ्यावरच देहधाऱ्याचा हक्क आहे, अधिकावर जो मालकी सांगतो तो चोर आणि दंडास पात्र आहे, असा तेथील अभिप्राय आहे. विशेष हे की हा उपदेश संन्याशाला केलेला नाही, प्रपंची माणसाला केलेला आहे.

येथे कोणी शंका घेईल, "महाराज, मग आमच्या बायाबापड्या उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरतात, तीही चोरीच काय?" नव्हे. ती बेगमी. खळ्यावरून माल बाजारात उतू जातो, तेव्हा निवडून, ऊन दाखवून, कडुलिंबाचा पाला घालून ती केली जाते. तिने कोणाचे ताट रिकामे होत नाही, उलट शेतकऱ्याच्या हाती पैसा पडतो. बाजार रिता होत असताना भीतीने जे भरले जाते, तो साठा. पोते तेच, पण वेळ निराळी, म्हणून धर्म निराळा.

दामाजीपंतांच्या कथेत आपण विठू महार होऊन रक्कम भरणाऱ्या देवापाशी रंगतो. रंगावेच. पण मंगळवेढ्याचे कोठार उघडले त्या घटकेला पंतांना ठाऊक नव्हते की भरणा कोण करणार आहे. देव बेदरला नंतर गेला. कुलूप आधी निघाले. आमच्या कीर्तनात हा मुद्दा इतकी वर्षे सुटत होता. तो आम्हाला त्या धुणीवालीने शिकवला.

लहानपणी पाठशाळेत आम्ही माधुकरी मागत होतो. एका घरी दोन भाकरी मिळू लागल्या तरी एकच घ्यावी, पुढच्या घरी जावे, असा गुरुजींचा दंडक होता. मधमाशी फुलाला धक्का न लावता थोडे थोडे घेते, म्हणून त्या अन्नाला माधुकरी हे नाव. दुकानात उभे राहताना हाच दंडक हवा.

तेव्हा अशी वेळ पुन्हा आलीच तर आचरण कसे असावे, ते सांगतो.

१. आधी घरातला डबा पाहावा, मग पिशवी काढावी. दिंडीच्या कोठीवर माणसे मोजून शिधा काढतात, तसे घरीही मोजावे. माणशी रोज धान्य-डाळ मिळून सुमारे ४०० ग्रॅम धरले तर चौघांच्या घराला पंधरा दिवसांस चोवीस किलो पुरतात. आम्ही त्या रात्री दोन महिन्यांहून अधिकचे उचलले होते.

२. घरातून एकानेच जावे, अंतर राखावे, पुढच्याला घाई करू नये. लहान पुड्या रोजंदारीवाल्यासाठी राहू द्याव्यात.

३. औषधाचेही हेच. मधुमेहाची, रक्तदाबाची नेहमीची गोळी महिनाभराची घरी असावी. पण दुसऱ्याच्या जिवावरचे औषध 'असू द्यावे' म्हणून दडवू नये. २०२१ च्या एप्रिलात रेमडेसिविरच्या कुप्यांसाठी लोक कसे वणवण फिरले, ते आपण पाहिले आहे.

४. रोज चूल पेटवण्यापूर्वी एक मूठ धान्य वेगळ्या डब्यात टाकावे. महिन्याला होते ते शेजारच्या अडलेल्या घराला द्यावे. साथीत पंगत बसवू नये, शिधा उंबऱ्यावर ठेवून मागे सरावे.

५. ज्याला रेशनचे धान्य मिळण्याचा हक्क आहे पण कागद कळत नाहीत, त्याला सोबत करावी. २०२० च्या एप्रिलपासून कार्डावर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळू लागले, पण परगावच्या मजुराचे कार्ड त्याच्या गावी राहिले होते. अशा माणसाची चौकशी करणे ही सेवाच होय.

आता आमच्या पोत्याचे काय झाले ते सांगून पाठ संपवितो. एक थैली त्या बाईला आणि गल्लीतील आणखी दोन घरांना वाटली. बाकीचे "पुढे लागेल" म्हणून ठेवले. शरमलेल्या मनालाही भीती सोडीत नाही, बघा. आषाढात पाहिले तर पिठात अळ्या आणि गव्हाला टोके. सौभाग्यवती दोन दिवस सुपाने पाखडीत बसल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. आम्ही शेजारी बसून निवडू लागलो. ज्या धान्यापायी कोणाची तरी लेकरे एक रात्र उपाशी निजली असतील, ते आम्ही किड्यांना घातले होते.

माजघरातल्या त्या कोपऱ्यात आता मुठीचा डबा आहे. दर एकादशीस तो रिकामा होतो. तो वेळच्या वेळी रिकामा होत राहो, एवढेच पांडुरंगाजवळ मागणे आहे.

रामकृष्ण हरि.