आईवडिलांचा खर्च जकातीतून?
अंथरुणाला खिळलेल्या आईच्या सेवेसाठी बाई ठेवली, तर तिचा पगार जकातीतून देता येईल का? नाही. गरजू आईवडिलांचा नफका, म्हणजे निर्वाहखर्च, ऐपतदार मुलामुलींवर वाजिब आहे. तो दानधर्म नव्हे. सूरह बनी इस्राईलच्या 23व्या आयतीत वृद्ध मातापित्यांसमोर 'उफ्' म्हणण्यासही मनाई आहे. मग खर्चाची कुरकूर कशी शोभेल? भावंडांनी एकत्र बसून ऐपतीप्रमाणे वाटा ठरवावा.

हात तोकडे पडत असतील, तर शासकीय मदत घेण्यात कमीपणा नाही. 65 वर्षांवरील निराधारांसाठी आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या तहसील कार्यालयात श्रावणबाळ योजनेचा अर्ज करावा. 70 वर्षांवरील ज्येष्ठांना आयुष्मान कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. मार्गदर्शनासाठी 14567 ही मोफत हेल्पलाइन आहे.

मदतीने भार हलका होतो, फर्ज माफ होत नाही. 2007च्या कायद्यानुसार आईवडील निर्वाहखर्चासाठी न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतात. त्यांच्यावर ती वेळ येऊ देऊ नका.