पाचातला एक

आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय 18, श्लोक 13 ते 16



मागच्या महिन्यात आमच्या टीमचा डेमो झाला. एक रिपोर्ट उघडायला 40 सेकंद लागायचे, ते 2 वर आले. "हे कुणी केलं?" असं विचारल्यावर मी म्हणालो, "मी." खोटं नव्हतं, कोड माझाच होता. पण नेमकं कुठे अडतंय हे रात्री साडेअकराला शोधून दिलं होतं ते टेस्टिंगमधल्या एका ज्युनिअर मुलीने. ती त्याच कॉलवर होती, म्यूटवर. ती काही बोलली नाही. मीही नाही.

आज हे श्लोक वाचताना तो कॉल आठवला. कोणतंही कर्म घडायला भगवंत पाच कारणं सांगतात: अधिष्ठान म्हणजे शरीर, कर्ता, करणं म्हणजे इंद्रियं आणि साधनं, निरनिराळ्या क्रिया, आणि पाचवं दैव. बघा, कर्ता नाकारलेला नाही. पण त्याची जागा पाचात एक एवढीच! सोळाव्या श्लोकाचा टीकाकार फार खोल अर्थ लावतात, आत्मा अकर्ता आहे इथपर्यंत. माझ्यासारख्याला रोजच्या पातळीवर एवढं कळलं तरी पुष्कळ, की "मीच केलं" म्हणणाऱ्याला पूर्ण चित्र दिसतच नाही.

आपला स्वभाव मोठा गमतीदार आहे. काम जमलं की पाचातला फक्त कर्ता उरतो. फसलं की फक्त दैव!

इथे मला पैठणचे एकनाथ महाराज आठवतात. ज्ञानेश्वरी शके 1212 मधली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षं नकला होत गेल्या आणि त्यात चुकीचे पाठ शिरले. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, नाथांनी ती शुद्ध केली. ते स्वतः केवढे कवी! एकनाथी भागवत त्याआधीच पूर्ण झालं होतं. स्वतःच्या चार ओव्या घालणं त्यांना काय अवघड होतं? पण त्यांनी पाठ शुद्ध केला आणि पुढेही कुणी यात आपली ओवी घालू नये असं बजावलं. आपल्या भाषेत सांगायचं तर, स्वतःचं एकही फीचर न घुसवता फक्त बग काढले. आज आपण ज्ञानेश्वरी वाचतो त्यामागे हे कामही आहे. प्रतिभेचं हेही एक रूप, नाही का?

सकाळी पारायण झाल्यावर टीमच्या ग्रुपवर त्या मुलीचं नाव घेऊन सगळं लिहिलं. थोड्या वेळाने तिचा वेगळा मेसेज आला: "मला वाटलं, तू विसरलास."

विसरलो नव्हतो. तेच तर टोचतंय.

आजचा अभ्यास: झोपण्यापूर्वी या आठवड्यात जमलेलं एक काम आठवा. त्याची पाचही कारणं वहीत लिहा. स्वतःचं नाव शेवटी. आणि कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर उद्यावर ढकलू नका.

माउली, यश दे, आणि ते वाटून घेण्याची बुद्धीही दे.

राम कृष्ण हरी.