आधी झाकण उघडा

तीस वर्षं मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडच्या पोरांना शिकवलं. पहिल्या आठवड्याचा धडा ठरलेला असे: प्लग आणि सॉकेट. पाच अँपिअरचा लहान, पंधरा अँपिअरचा मोठा, अर्थिंगची पिन जाड आणि लांब. लांब का? तर ती सगळ्यांत आधी लागावी आणि सगळ्यांत शेवटी सुटावी म्हणून. हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय की झोपेतही बोलत असेन. त्यामुळे २०२३च्या उन्हाळ्यात साताऱ्याजवळच्या एका हॉटेलच्या आवारात, हातात चार्जरची गन धरून, ती गाडीत का जात नाही हे बघत मी दहा मिनिटं उभा होतो, तेव्हा बायकोला काय वाटलं असेल ते उघड आहे. तिथे ती काही बोलली नाही. कोल्हापूरला पोचल्यावर सगळ्या नातेवाइकांना सांगितलं.

गाडी जुनी घेतलेली. कर्मचाऱ्यांची ने-आण करणाऱ्या एका ताफ्यातून निघालेली पांढरी सेडान, चार लाखांच्या आत, बॅटरी २१ युनिटची. (किलोवॉट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातलं युनिटच, उगाच बिचकू नका.) एका चार्जमध्ये खरे १३० किलोमीटर जाते, हे मी स्वतः चालवून पाहिलं. टायर पाहिले, बॅटरीची तब्येत तपासून घेतली, कागदपत्रं पाहिली. फास्ट चार्जिंगबद्दल विचारलं तर विकणाऱ्याने पुढचं झाकण उघडून दाखवलं आणि म्हणाला, “साहेब, नऊ पिनांचं सॉकेट आहे, सगळीकडे चालतं.” मी मोजली. नऊ होती. समाधान झालं.

खरं तर तिथेच मी नापास झालो. पुण्यात दोनदा एका जुन्या सरकारी चार्जिंग स्टेशनवर गाडी फास्ट चार्ज केली होती, व्यवस्थित झाली होती, त्यामुळे शंकेला जागाच उरली नव्हती. शहरात दहा चार्जरांपैकी एक जरी आपल्याला चालत असला तरी भागतं. हायवेवर ज्या टप्प्यात तो एक नसतो, तिथे कळतं.

भाच्याचा साखरपुडा संध्याकाळी सहाला, कोल्हापूरला. पुण्याहून साधारण २३० किलोमीटर, म्हणजे साताऱ्याला एकदा तास-दीड तास थांबायचं. फोनवरच्या ॲपमध्ये पाहिलं: ‘डीसी फास्ट, दोन गन, चालू’. सकाळी सातला निघालो. कात्रज ओलांडलं, खंबाटकीच्या चढाने अपेक्षेपेक्षा जास्त बॅटरी खाल्ली, आणि साताऱ्याला पोचलो तेव्हा ११ टक्के उरली होती. चार्जरजवळच्या पोराने गाडीचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि परत लावून टाकलं. “काका, ही गन न्हाय बसायची तुमच्या गाडीला.”

ही गन कोणती आणि माझ्या गाडीचं भोक कोणतं, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणजे निवृत्तीनंतर चार वर्षांनी.

आपल्याकडे आज बहुतेक चारचाकींना जे चालतं ते सीसीएस-टू. त्याचा वरचा भाग ‘टाइप टू’, मूळ जर्मनीतला, युरोपाने २०१४च्या निर्देशाने पक्का केलेला. वरच्या गोलात सात पिना आणि त्याखाली डीसीसाठी दोन जाड पिना, एकूण नऊ. माझ्या गाडीला होतं ते जीबी/टी, मूळ चीनचं. एकाच गोलात सगळं, मधे दोन जाड पिना, बाकीच्या बारीक. एकूण किती? नऊ! विकणारा खोटं बोलला नव्हता. मीच मोजण्यावर विसंबलो आणि आकार पाहिला नाही.

चीनचं भोक आपल्या गाडीत कसं आलं, याचंही कारण आहे. २०१७ मध्ये ईईएसएल या सरकारी कंपनीने सरकारी खात्यांसाठी १०,००० विजेच्या गाड्यांची निविदा काढली. तेव्हाच्या देशी गाड्यांच्या बॅटऱ्या लहान आणि व्होल्टेज कमी. युरोपातले मोठे चार्जर त्यांना नको होते आणि परवडणारेही नव्हते. म्हणून ‘भारत डीसी-००१’ हे १५ किलोवॉटचं मानक ठरलं आणि त्याच्या गनला जीबी/टीचा आकार घेतला. त्या वेळच्या हिशेबाने निर्णय वेडा नव्हता. पण पुढच्या दोन-तीन वर्षांत खासगी ग्राहकांसाठी गाड्या आल्या. २०१९ मध्ये कोना, २०२० च्या जानेवारीत नेक्सॉन आणि झेडएस, आणि या सगळ्या सीसीएस-टू घेऊन आल्या. पारडं तिकडे झुकलं ते झुकलंच.

सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये सार्वजनिक स्टेशनवर सगळ्या प्रकारचे चार्जर हवेत असं सांगितलं होतं. सीसीएस, जपानी चाडेमो, टाइप टू, भारत डीसी, भारत एसी, सगळे. वऱ्हाडातल्या प्रत्येकाच्या आवडीची भाजी केली तर आचाऱ्याचं जे होतं तेच स्टेशनवाल्यांचं झालं. चाडेमोच्या गाड्या तर आपल्याकडे जवळजवळ नव्हत्याच. ऑक्टोबर २०१९ मध्ये ही सक्ती सैल झाली. चालवणाऱ्याने हवे ते चार्जर लावावेत, असं ठरलं. धंदा करणाऱ्याने जे खपतं तेच लावलं, यात त्याचं काय चुकलं? माझ्या गाडीची गन नव्या स्टेशनांवरून दिसेनाशी होत गेली आणि मी मात्र २०२३ मध्ये ती गाडी हौसेने घरी आणली.

साताऱ्यात आता काय, तर गाडीसोबत आलेली स्लो चार्जिंगची केबल. एक टोक गाडीत, दुसरं पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटमध्ये. हॉटेलवाल्याने मागच्या खोलीतलं सॉकेट दिलं, पण केबलवरच्या डब्यावर लाल दिवा. अर्थिंग नाही. वेटर म्हणाला, प्लगच्या आत न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो, सगळे तसंच करतात. मी त्याला हात लावू दिला नाही. कुठे न्यूट्रल तुटली तर गाडीच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात, आणि अनवाणी माणूस दाराला हात लावतो. न्यूट्रल आणि अर्थमध्ये असा तारेचा तुकडा जोडून ‘चालू करून देणारे’ गावोगावी आहेत. त्यांचे आभार माना आणि दुसरं सॉकेट शोधा.

ते मला मिळालं अर्ध्या किलोमीटरवर, एका दळणाच्या गिरणीत. साडेसात हॉर्सपॉवरच्या मोटरीसाठी चोख अर्थिंग केलेलं. दिवा हिरवा झाला. गिरणीवाला म्हणाला, “लावा की, त्यात काय.” बायकोने घड्याळात पाहिलं, पिशवी उचलली, रिक्षा केली आणि एसटीने कोल्हापूरला गेली. मी धान्याच्या पोत्यावर बसलो.

गिरणीची मोटर सुरू झाली की व्होल्टेज खाली येई आणि गाडीचं चार्जिंग बंद पडे. मग केबल काढून पुन्हा लावायची. चार वेळा हे झाल्यावर गिरणीवाल्याने गिऱ्हाइकांना सांगितलं, डबे ठेवून जा, सगळी दळणं एकदम दुपारी काढतो. त्या भल्या माणसाने माझ्यासाठी पाच तास जातं थांबवलं. एकूण सात तासांत सतरा-अठरा युनिटं भरली. मी तीनशे रुपये पुढे केले, त्याने दोनशेच घेतले.

पोत्यावर बसल्या बसल्या मनात आलं की मला वाचवलं ते सगळ्यांत जुन्या मानकाने. गोल पिनांचा हा पंधरा अँपिअरचा प्लग इंग्रजांच्या काळातला. त्यांनी स्वतः युद्धानंतर चौकोनी पिना घेतल्या, आपण गोलच ठेवल्या. गिरणीत, गोठ्यात, गीझरला, इस्त्रीला, सगळीकडे तोच. चांगला आहे म्हणून नाही, सगळ्यांकडे आहे म्हणून.

साखरपुड्याचे फोटो मी फोनवर पाहिले. जावई म्हणून शेजारी माझा मोठा साडू उभा होता.

पुण्यात आल्यावर मी अडॅप्टर शोधायला लागलो, आणि इथे जरा थांबून सांगतो, कारण या वळणावर बरेच जण पैसे घालवतात. एसीचा अडॅप्टर ही साधी गोष्ट आहे. गाडीच्या आतला चार्जर एसीची डीसी करतो, अडॅप्टर फक्त तारा जुळवतो. डीसीमध्ये चार्जर बाहेर असतो आणि तो गाडीला विचारूनच वीज देतो. किती व्होल्ट, किती अँपिअर, बॅटरी किती गरम, हे संभाषण सेकंदासेकंदाला चालू असतं. जीबी/टी आणि चाडेमोत ते कॅन बसवरून होतं, सीसीएसमध्ये पायलटच्या तारेवरून पॉवर लाइन कम्युनिकेशनने. भोक जुळवलं तरी भाषा जुळत नाही. मधे दुभाषा म्हणून एक छोटा संगणकच हवा. तसले अडॅप्टर निघतात, महाग असतात, आणि चालले नाहीत तर जबाबदारी कोणाची हे आधी लेखी घ्या. त्यात चारशे व्होल्टची डीसी. आपली एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून तिची ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही, एकदा ठिणगी ओढली की ती जळत राहते. गनला कुलूप लागतं आणि चार्जिंग थांबल्यावरच ते सुटतं, ते याचसाठी. कुलूप नसलेला स्वस्त अडॅप्टर कोणी फुकट दिला तरी घेऊ नका.

जुनी गाडी घेताना तर हे बघाच, पण नवी घेतानाही बघा. काही छोट्या गाड्यांना डीसीचं भोकच नसतं. वर टाइप टूच्या सात पिना असतात आणि खाली प्लास्टिकची कोरी जागा. शहरात चालवायची असेल तर हरकत नाही, पण विकणारा ‘घरी सात-आठ तासांत फुल’ म्हणतो तेव्हा तो याबद्दल गप्प असतो. दुसरं, गाडीच्या आतला चार्जर किती किलोवॉटचा हे विचारा. तो ३.३चा असेल तर सोसायटीच्या भिंतीवर ७.४चा डबा लावून उपयोग नाही, नळ मोठा झाला म्हणून घागरीचं तोंड मोठं होत नाही. आणि ॲपमध्ये ‘फास्ट’ या शब्दावर जाऊ नका. गनचा फोटो बघा, दोन गनना वीज वाटून मिळते का बघा, निघायच्या आदल्या दिवशी त्या जागी फोन करून ‘कोणती गन?’ एवढंच विचारा. मी हल्ली तिथल्या माणसाला फोटोच पाठवायला लावतो. चिडतात, पण पाठवतात.

दुचाकीवाल्यांनी हसू नये. तिथे कंपनीगणिक वेगळा प्लग होता. एथरने २०२१ मध्ये आपला कनेक्टर इतरांना खुला केला, हीरोच्या विडाने घेतला, पुढे भारतीय मानक ब्युरोनेही त्याला मानकात जागा दिली. पण बाकी सगळे तिथे आलेत असं नाही. शेजारच्या स्कूटरचा चार्जर आपल्याला चालेल असं गृहीत धरू नका.

परदेशात तरी वेगळं काय? माझी भाची न्यू जर्सीत जुनी लीफ चालवते, चाडेमोवाली. तिच्याकडे आधी चाडेमो आणि सीसीएसची लढाई झाली. मग नोव्हेंबर २०२२ मध्ये टेस्लाने आपला कनेक्टर सगळ्यांना खुला केला, २०२३ च्या मे-जूनमध्ये फोर्ड आणि जनरल मोटर्स तिकडे गेल्या, आणि जिंकत आलेली सीसीएसच तिथे मागे पडायला लागली. तिला आता कुठे चाडेमोची एखादी गन उरलीय का ते शोधावं लागतं. एवढ्या श्रीमंत देशात तिची आणि माझी अवस्था एकच, हे ऐकून मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

या चाडेमो नावात एक गंमत आहे, तिनेच सांगितली. जपानीत ते ‘चहा घेताय का?’ या अर्थाच्या वाक्यावर बेतलंय. गाडी चार्ज होईपर्यंत एक चहा, असं ते.

माझी गाडी अजून आहे. कोथरूड ते स्वारगेट, भाजी मंडई, डॉक्टर, एवढंच. रात्री पार्किंगमधल्या पंधरा अँपिअरवर लावतो, तक्रार नाही. लांब जायचं तर एसटी.

गेल्या महिन्यात जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. आता तो चांगला ठेकेदार झालाय. जुन्या गाड्यांच्या बाजारातून बोलत होता. “सर, एक पांढरी सेडान बघतोय, किंमत एकदम झकास. तुमचं ऐकून झाकण उघडून मोजली, नऊ आहेत.”

“वर सात आणि खाली दोन, की सगळी एकाच गोलात?”

फोनवर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. तो वाकला असावा.

“एकाच गोलात, सर.”

“मग तिथे चहा घे,” मी म्हटलं, “आणि घरी ये.”